आनंदाचा फ्लेक्स

बोईसरच्या बाजाररस्त्यावर तेजलचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, साखरपुडा, क्रिकेटचे सामने, दहावं-बारावं, सगळ्यांचे बॅनर एकाच मशीनवर निघतात. गेलेल्या माणसांच्या फोटोंची तिला कधी भीती वाटली नाही. चेहरा थोडा उजळ करायचा, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकायचं, की पुढचं काम.

दिवाळी उलटून गेली होती. दुपारच्या वेळेला तारापूरच्या किनाऱ्याकडून दिपेश आला. त्याचा थोरला भाऊ आनंदा वादळात बोटीवरून पडला होता. बोट परतली, आनंदा परतला नाही. खूप शोधलं, पण मृतदेहही सापडला नाही. आता भावकीनं ठरवलं होतं, उद्या सकाळी त्याच्या जागी दर्भाचा पुतळा करून जाळायचा आणि आनंदाच्या बायकोच्या, जमनाच्या, बांगड्या उतरवायच्या.

"आजच दे, तेजल," दिपेश म्हणाला. "सकाळी बंदरावर लावायचाय." मोबाइलवर फोटो पाठवून तो चहा प्यायला गेला.

तेजलनं फोटो बसवला. नाव टाकलं. मग 'भावपूर्ण श्र' एवढं टाइप केलं आणि पडदा काळा झाला. एक बीप आली, कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू झाला.

असं होतं कधी कधी. तिनं परत टाइप केलं. परत तिथंच काळोख. तिनं यूपीएसची वायर बदलली, कॅबिनेट उघडून ब्लोअरनं धूळ उडवली, रॅम काढून खोडरबरानं घासली, पंख्याखाली उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावली. मग मुद्दाम एक वाढदिवसाचा बॅनर घेतला. तो शेवटपर्यंत सुरळीत झाला, कुठे अडखळला नाही. आनंदाचा उघडला. 'भावपूर्ण श्र'... गेला.

या वेळी तिला एक गोष्ट जाणवली. पडदा काळा झाल्यावर आतला पंखा थांबायला हवा होता. तो थांबत नव्हता. टुक टुक टुक... लांब पाण्यावरून बोटीचं इंजिन ऐकू यावं, तसा.

शेजारच्या गाळ्यातला हार्डवेअरवाला प्रदीप आला. त्यानं पॉवर सप्लायचा अख्खा डबा बदलला, रॅमही नवी टाकली. "आता बघ," म्हणत स्वतःच टाइप करायला बसला. पडदा काळा झाला तसा तो नाक वर करून हुंगत राहिला.

"दुकानात सुकट ठेवलीस काय गं?"

"नाय."

"ओल्या जाळ्याचा वास येतोय... मशीन ठणठणीत हाय, तेजल. हा बॅनर दुसरीकडं दे." आणि स्क्रूड्रायव्हर तिथंच विसरून तो गेला.

तेजलनं तो उचलून बाजूला ठेवला. तिला भीती वाटत होती, पण रागही आला. सगळं दुकान तिनं स्वतः उभं केलं होतं, आणि तिच्याच खुर्चीवर बसून तिनं घाबरायचं?

"माझं दुकान हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "कोण अडवतंय, त्यानं समोर यावं."

तिनं टाइप केलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. बाहेर भर उन्हात रिक्षांचे हॉर्न वाजत होते. काळ्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यामागे, खांद्याच्या वर, आणखी एक डोकं होतं. केस कपाळाला चिकटलेले. ते डोकं सावकाश हलत होतं... नाही... नाही...

ती गर्रकन वळली. मागे नुसती भिंत.

दारात एक बाई उभी होती. अंगावर काष्ट्याचं लुगडं, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या.

"मी जमना. माज्या नवऱ्याचा बॅनर इथंच टाकलाय ना?"

"हो, जमनाताई. पण... कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय."

"पडनारच." जमना आत येऊन स्टुलावर बसली. "तो मेला नाय. जल्म गेला आमचा मासे विकन्यात. जितं काय नि मेलेलं काय, आमाला वासावरून कलतं."

तेजलनं कीबोर्ड पुढे ओढला. "मग काय लिहू?"

"लिव. जमना वाट बघते. बांगड्या हातातच हायेत."

पडदा आपोआप उजळला आणि एकेक अक्षर उमटत गेलं. पंख्याची टुकटुक थांबली. तेवढ्यात दिपेश परतला आणि वहिनीला बघून दारातच थबकला.

"वहिनी, गावात तोंड कसं दाखवायचं आमी?"

"पुतला जालायचा तर मला शेजारी बसवून जाला," जमना म्हणाली. आवाज चढला नव्हता.

तेजल खुर्चीवरून उठली. "दिपेशदादा, तुझा बॅनर तूच टाइप कर. बस."

तो तणतणत बसला. जमनाची ओळ पुसून त्यानं 'भावपूर्ण श्र' लिहिलं. काळोख झाला. दिपेश काचेत बघत राहिला. त्याचे ओठ हलले.

"दादा..."

काय दिसलं ते त्यानं पुढे कुणालाच सांगितलं नाही. उठला, वहिनीच्या पायाला हात लावला आणि निघून गेला. पुतळा जळला नाही. बंदरावर जमनाच्या ओळीचा फ्लेक्स लागला.

थंडी सरत आली तेव्हा तेजल तो बघायला गेली. जमना खाली बसून बोंबील वाळवत होती. तेजलनं मान वर केली आणि ती एक पाऊल मागे सरकली. तिनं छापलेला फोटो लग्नातला होता, दाढी तुळतुळीत केलेला. फ्लेक्सवरच्या आनंदाची दाढी आता गळ्यापर्यंत आली होती. गालफडं बसली होती.

"बारीक झालाय," जमना म्हणाली. "पन हाय."

तेजलची नजर खाली सरकली. आनंदाच्या खांद्यावर मागून कुणाचा तरी हात पडला होता. पांढरट, फुगलेली बोटं शर्टात रुतली होती. बोटं मोजता मोजता तेजल मध्येच थांबली. एका हाताला इतकी बोटं नसतात.

"जमनाताई... हे कोण?"

"कालपासून हाय." जमना उठली, बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या आणि फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. "कोन का असंना. मी बी हितंच हाय."

वारा पडलेला होता. तरी फ्लेक्स आतून कुणीतरी ओढल्यासारखा मागे ताणला गेला.