बादलीतलं बीकन

आमची ओळख झाली ती त्याच्या मावशीच्या बादलीमुळे.

मी समुद्री बचाव केंद्रात काम करते. बोटीवर एक पिवळं बीकन बसवलेलं असतं. जागेवरून सुटून पाण्यात पडलं की ते आपणहून उपग्रहाला हाक मारतं, आणि बोटीचं नाव आमच्या पडद्यावर उमटतं. मग आधी नोंदणीतल्या जवळच्या माणसाला फोन करायचा... बोट खरंच समुद्रात आहे का, हे विचारायला.

त्या दुपारी फोन एका मावशींनी उचलला.

"तो पिवळा डबा होय? भाच्यानं बादलीत भिजत घातलाय. डाग निघत नव्हते ना! पण काय गं... वरचा दिवा किती छान लुकलुकतोय!"

मी कपाळावर हात मारून घेतला. तिकडे हेलिकॉप्टर उडायच्या तयारीत होतं.

दुसऱ्या दिवशी भाचा स्वतः लेखी खुलासा घेऊन हजर. समुद्राची खोली मोजणाऱ्या बोटीचा कप्तान, आणि कान लालेलाल!

"‘साफसफाईच्या उत्साहात’ असं कुणी खुलाशात लिहितं का?" मी विचारलं.

"खरं तेच लिहिलंय. तुम्ही... रागावलात?"

"हो."

"मग अजून थोडं रागवा. बोटीवर इतक्या आपुलकीनं कुणी रागावत नाही."

आगाऊ कुठला! पण मला हसू आवरेना.

मग दर महिन्याला तो डबा काखेत मारून यायला लागला, ‘तपासून द्या’ म्हणत. चाचणीचं बटण त्याला बोटीवरच दाबता आलं असतं. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि गालातल्या गालात हसणाऱ्या आमच्या साहेबांनाही ठाऊक होतं. निघताना दर वेळी मला मेसेज यायचा... बोटीवर किती जण, कुठे चाललोय, परत कधी.

"हे केंद्राला कळवायची गरज नसते," मी म्हटलं.

"केंद्राला कुठे कळवतोय?"

एकदा मात्र तो हातातलं पेन उगाच फिरवत म्हणाला, "मावशी लेकीकडे राहायला चाललीय. नोंदणीत आता दुसरं कुणीतरी घालायला हवं. किनाऱ्यावर माझं तसं... कुणी नाही."

तो काय विचारतोय ते मला कळलं. आणि मी काय बोलावं?

"फॉर्म ऑनलाइन भरता येतो."

मी जीभ चावली, पण तोवर तो जिना उतरून गेलासुद्धा.

चार दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, पडद्यावर त्याच्या बोटीचं नाव उमटलं. साहेबांनी नोंदणीतला नंबर फिरवला, तर माझ्या खणातला मोबाइल वाजायला लागला.

"तो आधी बंद करा!" साहेब खेकसले. त्यांनी फोन ठेवला तसा मोबाइल थांबला. पुन्हा लावला... पुन्हा वाजला.

साहेबांनी खणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अजून विचारायचंय’.

"बोट समुद्रात आहे?" त्यांनी मलाच रीतसर विचारलं.

"हो. चार जण आहेत. दक्षिणेच्या खडकांपाशी. उद्या संध्याकाळी परत येणार होते." सगळं तोंडपाठ होतं.

हेलिकॉप्टर लगेच निघालं. पुढचे दोन तास मी स्वतःला काय काय नाही सुनावलं! एक ‘मी आहे ना’ म्हणायला माझं काय जात होतं?

एक वाजता निरोप आला. खडकावर आपटून बोट बुडाली होती, पण चौघंही तराफ्यावर सुखरूप होते.

हेलिकॉप्टर उतरलं तिथे मी धावतच गेले. त्याच्या अंगावर ब्लँकेट, केसांत मीठ, आणि काखेत तोच डबा.

"या वेळी बादलीत नव्हतं हं," तो म्हणाला. "लेखी खुलासा देऊ?"

"दे ना! मला न विचारता माझा नंबर घातलास त्याचा दे!" त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

"परत आल्यावर विचारणारच होतो..."

"आलास की!"

त्यानं डबा खाली ठेवला. "मग... होशील? माझं किनाऱ्यावरचं माणूस?"

मी पर्समधून नोंदणीचा कोरा फॉर्म काढला, नात्याच्या रकान्यात ‘होणारी बायको’ असं ठळक लिहिलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

त्यानं वाचलं. परत वाचलं. मग डोळे मिचकावत म्हणाला, "पण हा फॉर्म ऑनलाइन भरता येतो म्हणे?"

"याला सही लागते," मी डोळे पुसत म्हटलं.

त्यानं ओल्या हातानंच सही केली. शाई सगळी पसरली... आणि साहेबांनी तो फॉर्म तसाच मंजूर केला.