एक मफलर, एक माणूस

प्रेमाला जागा लागत नाही, असं जगभरचे कवी सांगत आलेत. व्हिएन्नाच्या ऑपेरात त्यांना कधी उभं राहावं लागलं नसावं. जागा लागते. साधारण दीड फूट, कठड्यापाशी. आणि तिच्यावर वेळेत मफलर बांधावा लागतो.

उभ्याने ऑपेरा पाहणाऱ्यांची ही आमची रीत. मफलर बांधला की जागा तुमची, मग खुशाल खाली जाऊन सॉसेज खा. या शहरात पाकीट मारतील, पण बांधलेला मफलर कुणी सोडणार नाही.

एका गुरुवारी थेकला सॉसेज खाऊन परतली, तर तिच्या हिरव्या मफलरवर कुणीतरी राखाडी मफलर बांधलेला. शेजारी एक उंच तरुण, प्रसन्न.

"हा तुमचा?"

"हो. छान बसलीये ना गाठ?"

"माझ्या मफलरवर?"

तो ओशाळला. "सगळे बांधत होते, म्हणून मीही... मला वाटलं, नवसाचं काही असेल."

"बाहेरगावचे दिसता."

"लिंझचा. कसं ओळखलंत?"

"व्हिएन्नाचा माणूस नवस बोलत नाही. तक्रार करतो."

दोघं गाठ सोडायला वाकले. ओढावी तशी लोकर आवळत गेली. बोटांना बोटं लागली, घंटा झाली, दिवे मालवले... आणि दीड फुटात दोघं उभे राहिले. नायिकेने मरायला नेहमीची चाळीस मिनिटं घेतली. थेकलाला पहिल्यांदाच ती कमी वाटली.

त्याचं नाव सेवेरिन. एका प्रदर्शनात चित्रं टांगायला आला होता. जूनमध्ये प्रदर्शन संपलं की परत लिंझ. तोवर गुरुवार होते.

"चित्र सरळ लागलंय, हे कळतं कसं?" तिने एकदा विचारलं.

"प्रदर्शनाच्या बाई ओरडायच्या थांबतात."

औषधाच्या दुकानातली नोकरी सांभाळून थेकला ते प्रदर्शन तीनदा पाहून आली. तिन्ही वेळा म्हणाली, "खिडकीजवळचं डावीकडे कललंय." ते कललं नव्हतं. त्याने तिन्ही वेळा नीट केलं. शेवटी ते खरोखरच कललं.

मग शेवटचा गुरुवार आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी. नेमका त्याच संध्याकाळी दुकानात खोकला झालेल्यांचा पूर लोटला. सेवेरिनने आपला एकच मफलर बांधून दोघांची जागा अडवली होती आणि शेजारी फ्राऊ प्रोखास्का होत्या. चाळीस वर्षं त्याच कठड्याला उभ्या, कायद्याच्या रक्षक.

"एक मफलर, एक माणूस," त्या म्हणाल्या.

"येतेच आहे ती, बाई."

थेकला धापा टाकत आली.

"मफलर कुठाय तुझा?"

"घाईत... दुकानातच राहिला."

"मग मागे हो. एका मफलरवर दोघं म्हणजे नवरा-बायको. तुम्ही आहात?"

आम्ही मागच्या रांगेतल्यांनी कान टवकारले. मागून फक्त छत दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं.

"ठरलंय आमचं," थेकला म्हणाली.

सेवेरिनने हळूच विचारलं, "कधी?"

"आत्ता. जागा जाईल ना..."

"फक्त जागेसाठी?"

"उद्याच्या गाडीने जाणार असशील, तर फक्त जागेसाठी."

"आणि नाही गेलो तर —"

"श्श!" फ्राऊ प्रोखास्का. पडदा वर गेला.

त्याने खिशातून गाडीचं तिकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने त्याच्या चार घड्या केल्या आणि कठड्याच्या फटीत सारलं.

लग्न सप्टेंबरात झालं. त्याच्या आईने आहेर म्हणून ऑपेरातल्या दोन खुर्च्या वर्षभरासाठी घेऊन दिल्या. खुर्च्या मखमली आहेत. पहिला अंक संपायच्या आत दोघंही झोपलेले असतात.