बाकीचा माणूस

मिरजेच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तो सरळ माझ्या अंगावर आला. माझ्या हातातली प्लास्टरची बादली कलंडली आणि माझी नवी निळी साडी पांढरी झाली.

"डोळे फुटले का?" मी ओरडले.

"फुटलं न्हाईत, बाई... पर दोन-दोन दावत्यात. तुमी दोघी दिसला, म्हणून मधनं जायला गेलो."

हसू की रडू, मला कळेना. हा जोतीराम, साताऱ्याकडचा, फौजेतला. कवटीच्या तळाशी, डोळ्याच्या नसेला खेटून त्याला गाठ होती. तिथे सुरी घालणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी कोबाल्टचे किरण द्यायचं ठरवलं होतं. त्या वेळी डोकं तसूभर हलता कामा नये. त्यासाठी चेहऱ्यावर प्लास्टरचा मुखवटा बसवायचा — आणि ते काम माझं.

"मिशी काढावी लागेल," मी म्हटलं.

तो टेबलावर ताडकन उठून बसला. "मान कापून घ्या, बाई... मिशीला हात लावू नगा!"

"मुखवटा सैल बसला तर किरण गाठ सोडून डोळ्यात जातील. काय ठेवायचं, ते सांगा."

त्यानं मिशीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "काढतो. पर हसायचं न्हाई."

मी हसलेच. आणि खरं सांगू? बिनमिशीचा तो मला फार आवडला.

मग रोज मी मुखवटा बांधायची, बाहेर येऊन दार लावायची, काचेतून बघत राहायची. शिशाचे ठोकळे लावून किरणांची वाट अरुंद केलेली. मशीन वेगवेगळ्या बाजूंनी फिरायचं. सगळा मारा त्या एका गाठीवर, बाकी डोक्याला धग लागू नये म्हणून.

"आज खरी कुठली?" मुखवटा सुटला की तो विचारायचा. "डावी का उजवी?"

"दोन्ही खोट्या."

"मग रागावती ती कोण?"

"उठा आता... बाहेर पेशंट थांबलेत!" असं म्हणताना माझे कान तापायचे.

सहा आठवडे संपले, तरी त्याला दोनच दिसत होतं. गुण यायला काही महिने लागतील, येईल अशी आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्याला गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेले. कुणी विचारलं असतं तर सांगायला निमित्तही नव्हतं.

"डोळा सुधारला," खिडकीतून तो म्हणाला, "तर आईला घिऊन तुमच्या घरी येतो."

"आणि नाही सुधारला तर?"

त्यानं मान खाली घातली. "तर... न्हाई येत. पल्टन बी ठेवायची न्हाई मला. अर्धा मानूस कशाला तुमच्या गळ्यात?"

माझं डोकं फिरलं. राग आला की माझी कवठे महांकाळची बोली आपोआप बाहेर पडते.

"आवं, तेवढी गाठ सोडून बाकीचा मानूस जपायला आमी सहा आठवडं जिवाचा आटापिटा केला! त्यो बाकीचा मानूस मला पायजे हाय. कळलं?"

गाडीनं शिट्टी दिली.

"मग," तो हळूच म्हणाला, "आईला ह्या आयतवारी आणू?"

"आणा," मी म्हटलं. आणि तेव्हा कुठे मला लाज वाटली.