रक्तात पहारा, आतड्यात कोण?

शालन गेल्याचं आम्हाला मंगळवारी सकाळी सव्वानऊला कळलं. मी दोन नंबरच्या पंपाची गाळणी बदलत होतो. तिला आणायला गेलेल्या बोटीचा तांडेल बिनतारी यंत्रावर बोलला, मग परत तेच बोलला. मी उरलेले चार बोल्ट आवळले, हात पुसले आणि सुनेला सांगायला वर गेलो.

शालन माझी बायको. ती समुद्राच्या पाण्यातले जंतू तपासायची. आमची पाणवस्ती देवगडच्या किनाऱ्यापासून वीस किलोमीटरवर तरंगते. अकरा मोठे तराफे, मध्ये पूल, वर एकशे चाळीस घरं. शालनचा तपासणी-तराफा त्याच्याही पुढे, खोल पाण्यात होता. ती तिथे पाच दिवसांसाठी गेली होती. दुसऱ्या दिवशी वादळ आलं आणि संपर्क तुटला. तिसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. चौथ्या दिवशी खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र लाटेने बंद पाडलं. जलसंजीवनीची (मीठ-साखरेच्या भुकटीची) पाकिटं होती, पण ती कालवायला पाणी नव्हतं. बोट सहाव्या दिवशी पोचली.

हे सगळं टिपणीसने लिहून ठेवलं होतं. टिपणीस म्हणजे शालनचा यंत्रमानव. गुडघ्याएवढा, तीन चाकांचा, दोन लांब हातांचा. दिसेल ते टिपून ठेवायचा म्हणून शालनने त्याचं नाव टिपणीस ठेवलं. तो बोटीतून परत आला आणि आमच्या स्वयंपाकघरात विजेच्या प्लगशेजारी उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात माझी सून हर्षदा, शालनला ज्याने जुलाब झाले त्याच जंतूने आजारी पडली. तिला पाणी, मीठ, साखर सगळं वेळेवर मिळालं. पाच दिवसांत ती बरी झाली. पण तिचं बाळ, विहंग, चार महिन्यांचं होतं. वस्तीच्या आरोग्यसेविका सुलभाताई बागवे यांनी सांगितलं की महिनाभर बाळाला अंगावर पाजायचं नाही, दुधातून जंतू जाईल. सुलभाताईंनी हे भीतीपोटी सांगितलं. शालननंतर वस्तीत सगळेच घाबरले होते.

हर्षदा दिवसातून सहा वेळा दूध काढायची आणि ओतून टाकायची. विहंगला वरचं दूध दिलं जात होतं. तो बाटली तोंडात घ्यायचा, दोन घोट पिऊन मान फिरवायचा. दोन आठवड्यांत त्याचं वजन तीनशे ग्रॅमने उतरलं. शिवाय वरचं दूध कालवायला लागायचं ते वस्तीचंच पाणी. ते मी उकळून द्यायचो, पण उकळलेलं भांडं कोणी कुठल्या हाताने उचललं हे प्रत्येक वेळी कोण पाहणार?

विहंगची बहीण दुर्वा दहा वर्षांची आहे. ती तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी माझ्याकडे पंपघरात आली आणि उलट्या बादलीवर बसली.

"आबा, आजीचा दिवा हिरवा होता ना?"

"होता."

"आणि आईचा?"

"तिचाही."

"मग ते मशीन खोटारडं आहे."

तिचं म्हणणं समजण्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. उन्हाळ्यात समुद्र तापला तेव्हा हा नवा जंतू पाण्यात वाढला. शालननेच तो शोधला. मग किनाऱ्यावरून लस आली आणि सगळ्यांना दंडात इंजेक्शन दिलं गेलं. महिन्याने प्रत्येकाच्या बोटाला टोचून एका यंत्रात रक्ताचा थेंब घातला. रक्तात पुरेशी प्रतिपिंडं (जंतूला पकडण्यासाठी शरीर बनवतं ती प्रथिनं) असली तर हिरवा दिवा लागायचा. वस्तीत सगळ्यांचा हिरवा लागला.

आमच्याकडे एक जुनी सवय आहे. गोडं पाणी प्यायला ठेवायचं; काकडी, फळं, कोथिंबीर समुद्राच्या पाण्यात घोळून घ्यायची. काकडीला मीठही लागतं. उन्हाळ्यात ही सवय बंद करायला सांगितलं होतं. दिवे हिरवे लागल्यावर सगळ्यांनी ती परत सुरू केली.

मी दुर्वाला सांगितलं की आजीच्या डब्यातल्या काकड्या मीच घोळून दिल्या होत्या. तिने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "माझ्या डब्यातल्यापण तूच घोळतोस." थोड्या वेळाने तिने विचारलं की हे टिपणीसला माहीत आहे का. मी म्हटलं, त्याला विचार. ती त्याला पंपघरात घेऊन आली.

टिपणीसला माहीत होतं. त्याने तारीखही सांगितली. मशीन खोटारडं आहे हे मात्र त्याने मान्य केलं नाही.

"दुर्वाताई, यंत्राला रक्ताबद्दल विचारलं, त्याने रक्ताबद्दल सांगितलं," तो म्हणाला. "हा जंतू रक्तात जातच नाही."

"मग पोटात जातो म्हणजे कुठे जातो? पोट आतच असतं ना?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं, कारण माझं आयुष्य पाइपांत गेलं आहे. मी रबरी पाइपाचा वीतभर तुकडा घेतला आणि तिला त्यातून बोट घालायला सांगितलं. मग विचारलं, तुझं बोट रबरात शिरलं का? ती म्हणाली, नाही, भोकातून गेलंय. आपलं शरीरही तसंच आहे, मी म्हटलं. तोंडापासून खाली शेवटपर्यंत एकच लांब पाइप. घास गिळला की तो पाइपात जातो, पण शरीरात अजून गेलेला नसतो. पाइपाची भिंत ओलांडेल तेव्हाच तो आत गेला म्हणायचं.

"म्हणजे माझं जेवण बाहेरच आहे?"

"आत्ता गिळलेलं असेल तर बाहेरच."

तिला ते ऐकून किळस आली आणि मजाही वाटली.

पुढचं टिपणीसने सांगितलं. मी ते माझ्या शब्दांत लिहितो, कारण त्याच्या शब्दांत ते फार लांब होतं.

आपली कातडी जाड आणि कोरडी आहे. जंतूला ती सहज भेदता येत नाही. पण नाक, तोंड, घसा, फुप्फुसं आणि आतडी यांच्या आतून कातडी नसते, श्लेष्मल त्वचा (ओलं, पातळ अस्तर) असते. आतड्यात तर हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं आहे. पातळ असावंच लागतं, नाहीतर अन्नातलं सत्त्व आत कसं येणार? आणि पातळ आहे म्हणूनच तिथे सर्वांत जास्त पहारा लागतो. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेचा फार मोठा भाग आतड्याच्या भोवती राहतो.

अस्तरावर पहिल्यांदा असतो श्लेष्मा, म्हणजे बुळबुळीत थर. "शेंबूड," दुर्वा म्हणाली. टिपणीस म्हणाला की नाकातला तो शेंबूड, आतड्यातलाही त्याच्याच नात्यातला. जंतू त्यात रुततात आणि पुढे ढकलले जातात. त्या थरात अस्तराच्या पेशी जंतुनाशक रसायनंही सोडतात.

अस्तरात काही ठिकाणी खास पेशी असतात. त्या पाइपातून जाणाऱ्या मालातला थोडासा नमुना उचलतात आणि भिंतीपलीकडे देतात. तिथे लहान लहान तपासणी नाकी असतात. नाक्यावरच्या पेशी नमुना बघतात आणि ठरवतात. वरणभात असेल तर सोडून द्यायचा. आतड्यात कायम राहणारे, पचनाला मदत करणारे जंतू असतील तर त्यांनाही राहू द्यायचं. या सोडून देण्याला सहिष्णुता म्हणतात. दुर्वाला हा भाग पटेना. सगळ्यांनाच मारून टाकलं तर बरं नाही का, असं तिचं म्हणणं होतं. टिपणीस म्हणाला की मग प्रत्येक जेवणाला आतड्यात लढाई होईल आणि त्यात भिंतच फुटेल. काही माणसांना तसा आजार होतोही.

पण नमुना घातक असेल तर नाक्यावरच्या काही पेशी त्या जंतूचा चेहरा शिकून घेतात. शिकलेल्या पेशी रक्तातून फिरून पुन्हा आतड्याच्या भिंतीत येऊन बसतात आणि तिथून एका खास जातीची प्रतिपिंडं पाझरवतात. या जातीला आयजीए म्हणतात. ती भिंत ओलांडून बाहेर, पाइपाच्या पोकळीत उतरतात. जंतूला तिथेच धरतात, एकमेकांना चिकटवून त्याचे गोळे करतात. गोळा झालेला जंतू भिंतीला लागू शकत नाही. शौचावाटे निघून जातो.

"इंजेक्शनने या पेशी शिकत नाहीत?" दुर्वाने विचारलं.

टिपणीसचं उत्तर असं. इंजेक्शन दंडात दिलं, तर काखेतल्या गाठींमधल्या पेशी शिकतात. त्या भरपूर प्रतिपिंडं बनवतात, पण दुसऱ्या जातीची, रक्तात फिरणारी. त्यांना आतड्याचा पत्ता कोणी दिलेला नसतो. रक्तात शिरणाऱ्या जंतूला त्या रोखतात. हा जंतू मात्र पाइपातच राहतो, भिंतीवर बसून विष टाकतो, आणि त्या विषाने शरीरातलं पाणी पाइपात ओतलं जातं. रक्तातला पहारा भिंतीच्या या बाजूला, जंतू त्या बाजूला.

दुर्वा बराच वेळ पाइपाचा तुकडा हातात फिरवत होती. मग तिने विचारलं ते मला सुचलं नव्हतं. आईला तर आजार झाला आणि ती बरी झाली. म्हणजे तिच्या आतड्याने शिकून घेतलं असणार. त्या शिकलेल्या पेशी आतड्यातच जातात, की आणखी कुठे?

"आणखी चार ठिकाणी," टिपणीस म्हणाला. "लाळ, अश्रू, फुप्फुसं. आणि अंगावर पाजत असेल तर दूध."

मी पंप बंद केला आणि आम्ही तिघं वर घरी गेलो.

टिपणीसपाशी शालनने गोळा केलेले जंतू होते, उष्णता देऊन मारलेले. त्यांतला थेंब त्याने काचेवर घेतला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला. बारीक वळलेल्या काड्या मोकळ्या तरंगत होत्या. पहिल्या काचेवर त्याने दुर्वाच्या बोटातलं रक्त घातलं. काड्या एकमेकींना चिकटल्या, त्यांचे गोळे झाले. इंजेक्शनने आपलं काम केलं होतं. दुसऱ्या काचेसाठी खरं तर आतड्यातला रस हवा होता, पण त्यासाठी नळी गिळावी लागेल असं टिपणीस म्हणाला. दुर्वाने लगेच थुंकी देऊ केली. थुंकी घातलेल्या काचेवर काड्या मोकळ्याच फिरत राहिल्या.

तिसरी काच हर्षदाच्या दुधाची. ती दूध ओतायला उठली होती, तेव्हा दुर्वाने जाऊन त्यातलं वाटीभर मागितलं. हर्षदा पडद्यासमोर येऊन बसली. काड्या दहा मिनिटांत गोळा झाल्या, रक्ताच्या काचेपेक्षाही दाट.

दुधात जिवंत जंतू आहे का, हेही बघायला हवं होतं. टिपणीसने दूध दोन दिवस उबदार पेटीत ठेवलं. त्यात तो जंतू वाढला नाही.

आम्ही सुलभाताईंना बोलावलं. त्यांनी तिन्ही काचा दोनदा पाहिल्या आणि म्हणाल्या की हे त्यांच्या सूचनांच्या कागदात नाही. मी म्हटलं की कागद माझ्या बायकोने पाठवलेल्या माहितीवरच लिहिला होता आणि तिची माहिती पुरी व्हायची होती. त्यांनी किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना काचांची चित्रं पाठवली. तासाभराने निरोप आला की पाजायला हरकत नाही, हात मात्र प्रत्येक वेळी साबणाने धुवा, आणि मुळात दूध थांबवायलाच नको होतं.

हर्षदाने विहंगला घेतलं. पहिल्यांदा त्याने तिच्याकडेही मान फिरवली. तिने थोडं थांबून पुन्हा घेतलं. तेव्हा तो प्यायला लागला.

"बावीस मिनिटं," टिपणीस म्हणाला.

"हे नको टिपूस," हर्षदा म्हणाली. त्याने तेही टिपलं असणार.

यानंतरच्या महिन्यात आमच्या तराफ्यावर तिघांना जुलाब झाले, त्यांत एक बाळ होतं. विहंगला काही झालं नाही. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे टिपणीसने दुर्वाला तीन वेळा सांगितलं. तिला ते पटलं, पण आवडलं नाही. म्हणून ती वस्तीतल्या पाजणाऱ्या बायकांकडे वाटी घेऊन फिरली. आजारातून उठलेल्या सात जणींपैकी सहा जणींच्या दुधात गोळे झाले. सातवीच्या का झाले नाहीत, हे ती अजून विचारते आहे. टिपणीसलाही सांगता आलेलं नाही.

किनाऱ्यावरून आता तोंडावाटे घ्यायचे थेंब आले आहेत. त्यांत दुबळा केलेला जंतू असतो. तो आतड्यात जातो, नाक्यावर पकडला जातो, आणि आजारी न पडता आतडं शिकून घेतं. थेंब कडू आहेत. दुर्वाने ते घेतले आणि तीन आठवड्यांनी आपली थुंकी काचेवर घातली. काड्यांचे गोळे झाले. तिने मला पंपघरातून बोलावून ते दाखवलं. नाकात फवारायची अशीच लस खोकल्याच्या जंतूंसाठी करता येईल का, असं ती विचारत होती. येईल असं टिपणीसला वाटतं.

विहंगला सातवा महिना लागला. तो आता भाताची पेज खातो, दूध कमी झालं आहे. दूध सुटलं की त्यातली प्रतिपिंडंही थांबतील. त्याच्या आतड्याला स्वतःच शिकावं लागेल. आलेले थेंब एक वर्षावरच्या मुलांसाठी आहेत. त्याहून लहान बाळांना चालतील असे थेंब अजून कोणी तयार केलेले नाहीत.