माझ्या नावाची मुलगी

ही गोष्ट खरी आहे. शपथेवर सांगते, आणि मी ऊठसूट शपथा घेणारी बाई नाही.

मी स्पेनमध्ये, सेव्हिल शहरात चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना विचारते, "हे अक्षर दिसतं का? आणि हे?" जे दिसत नाही ते नाही, असं माझं सरळ मत होतं.

मागच्या वर्षीची चौदा ऑगस्ट. वेळ दुपारी साडेतीनची.

हो, दुपारीच. आमच्याकडे ऑगस्टमध्ये भुतांना रात्रीची गरज पडत नाही. तीन ते सहा गावात चिटपाखरू नसतं. खिडक्यांच्या झडपा खाली, दारं बंद, कुत्री उभ्या गाड्यांच्या सावलीत आडवी.

माझं गाव बादाखोस शहरापासून तासाभरावर, ऑलिव्हच्या बागांमध्ये.

आणि त्या गावच्या दफनभूमीत माझ्या नावाची कबर आहे.

माझ्या जन्माआधी दोन वर्षं माझी मोठी बहीण वारली. सहा वर्षांची होती. नाव कासिल्दा. मग मी झाले, तर माझंही नाव कासिल्दाच ठेवलं. आमच्या भागात तेव्हा तसं करायचे. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

दर एक नोव्हेंबरला, गेलेल्यांची आठवण करायच्या सणाला, आई मला कबरीवर न्यायची. हातात ब्रश आणि बादली. मी माझंच नाव घासून लख्ख करायचे. शाळेत पोरं चिडवायची, "ए मेलेली, पेन्सिल दे गं!" मीही कमी नव्हते. "घरी जा, उशीखाली ठेवलीये," म्हणायचे.

पण खरी भीती कबरीची नव्हती. घराची होती.

जेवणं झाली की आई फरशीवर पाणी शिंपडायची. झडपा खाली ओढायची. बाबा घोरायला लागायचे. मला पलंगावर टाकायची. स्वतः मात्र कधी आडवी व्हायची नाही. पॅसेजमध्ये वेताच्या खुर्चीत बसून राहायची.

कारण मला शेजारच्या फेर्मिनामावशीने सांगितलं. पहिली कासिल्दा तापाने फणफणली होती. आई दोन रात्रींची जागी. तिसऱ्या दुपारी जरा पाठ टेकली, आणि उठली तेव्हा पोर गार पडली होती.

"हाका मारत होती गं," मावशी म्हणाली होती. "मी भिंतीपलीकडून ऐकल्या. मला वाटलं, आई आहे ना जवळ."

तेव्हापासून आई दुपारी झोपली नाही.

त्या बंद घरात, त्या अंधारात, मी पडून असायचे. मग पॅसेजमधून हळूच आवाज यायचा...

"कासिल्दा..."

मी धावत जायचे.

आई माझ्याकडे बघायची. थंडपणे.

"तुला नाही हाक मारली. झोप जा."

मी मागे वळायचे. ओल्या फरशीवर माझी पावलं उमटलेली असायची. आणि त्यांच्या शेजारी...

दुसरी पावलं. माझ्याहून लहान.

मी सातची झाले, नऊची झाले, बाराची झाले. ती पावलं सहा वर्षांचीच राहिली.

सांगायला लाज वाटते, पण मला भीतीपेक्षा हेवा जास्त वाटायचा. अठराव्या वर्षी मी घर सोडलं ते त्या हेव्यापायीच.

आता मागच्या वर्षीचं सांगते. बाबा कधीच गेले होते. आई शहाऐंशीची, नाव ओब्दुलिया, जिद्द खेचराची. जुलैमध्ये परसात पडली. दोन तास तशीच पडून होती. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, "पुन्हा एकट्या पडल्या तर उठायच्या नाहीत."

म्हणून मी तिला न्यायला गेले. तिला त्या घरातून जिवंत बाहेर काढायचं, एवढंच डोक्यात होतं. आणि खरं सांगू? निदान शेवटची काही वर्षं तरी ती माझी, माझ्या एकटीची आई व्हावी, असं मला फार वाटत होतं.

सामान डिकीत टाकलं. फेर्मिनामावशी वाटेत खायला म्हणून एक खरबूज घेऊन आली. नव्वदीची बाई, तेवढ्या उन्हात.

आई दारात अडून बसली. चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"नाही येणार."

"आई, सगळं ठरलंय आपलं."

"तुझं ठरलंय. तिला कोण बघणार?"

"कोणाला?"

मावशी चपलांकडे बघायला लागली.

"बावन्न वर्षं मी बघतेय, तू तिलाच बघतेस! जरा माझ्याकडे बघ ना!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "उठेल ती."

माझं डोकंच फिरलं. उन्हाने, रागाने, कशाने ते माहीत नाही.

"बरं. तिलाही घेऊ. गाडीत जागा आहे भरपूर." आणि त्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये तोंड घालून मी मोठ्याने हाक मारली, "कासिल्दा! चल, निघतोय आपण!"

ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला हाक मारायला वापरलं.

आतून काहीच आवाज आला नाही.

फक्त... इतका वेळ परसातल्या झाडांवर कर्कश ओरडणारे उन्हाळी किडे एकदम थांबले.

मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली. "हे काय केलंस, पोरी? आजवर ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती. कोणी बोलावलंच नव्हतं तिला."

पण आईने चौकट सोडली होती. माझ्याकडे बघून चक्क हसली.

"चला," म्हणाली.

गाव मागे पडलं आणि गाडीत टिंग टिंग सुरू झालं. मागच्या सीटवर कोणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, असं गाडी सांगत होती. मागे होतं फक्त खरबूज. मी स्वतःशीच हसले. गाडी बाजूला घेतली, खरबूज उचलून खाली पायांशी ठेवलं, पुन्हा निघाले.

टिंग. टिंग. टिंग.

आईने मागे वळूनही पाहिलं नाही.

"पट्टा लाव, बाळा."

माझा पट्टा लावलेला होता.

मागे... खट्.

आवाज बंद झाला.

पुढचे दोन तास मी आरशात पाहिलं नाही. लोकांना बघायला लावणं हा माझा धंदा, पण मी पाहिलं नाही.

माझं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे आल्यावर आई टवटवीत झाली. टोमॅटोच्या गार गास्पाचो सुपाचे वाडगेच्या वाडगे संपवायची, गुणगुणायची. मी खूश होते. चौथ्या दिवशी मी तिच्या उशा नीट करत होते, तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"तुम्ही फार चांगल्या आहात हो, बाई. एक ग्लास दूध मिळेल का? माझ्या मुलीला."

तुम्ही. बाई.

डॉक्टर म्हणाले, वय झालंय, पडल्याचा धक्का, नवी जागा. होतं असं. मी मान डोलावली. रोज दुपारी दूध ठेवायला लागले. तासाभराने ग्लास रिकामा असायचा.

माझ्या आईला दुधाच्या नुसत्या वासाने मळमळतं.

सप्टेंबरमध्ये खालच्या मजल्यावरची मारिक्रुस जिन्यात भेटली.

"राग मानू नका हं, पण तुमच्या मुलीला सांगा ना, तीन ते पाच पळापळ करू नकोस म्हणून. आमचे हे पहाटे बेकरीत जातात. दुपारची काय ती झोप त्यांची."

"मला मुलगी नाही."

"मग भाची असेल. जी कोण आहे तिला सांगा."

मला वर घरात कधीच काही ऐकू आलं नव्हतं. एक पाऊलसुद्धा नाही.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला आई गेली. दुपारी, खुर्चीत, जागेपणी. उजवा हात मांडीवर, बोटं अर्धी मिटलेली. त्या बोटांत एखादा लहान हात मावला असता.

त्याआधी तासभर तिने मला विचारलं होतं, "तुम्हाला मुलंबाळं आहेत का हो?"

"नाही."

"मग तुम्हाला नाही कळायचं."

माझ्या आईचे माझ्याशी बोललेले हे शेवटचे शब्द. मी खूप रडले. रागही आला, अजून येतो.

तिला गावात पुरलं, पहिल्या कासिल्दाच्या शेजारी. परत निघताना फेर्मिनामावशीने माझी बाही ओढली.

"तिला आणलीस ना परत?"

"कशी आणणार, मावशी? हाताला धरून?"

"हाक मारून नेली होतीस. हाक मारूनच आणायची असते." तिने बाही सोडली नाही. "घरातून निघताना नाव घेतलंस का?"

मी नाव घेतलं नव्हतं. शववाहिका खाली उभी होती, घाईत नुसतं दार ओढून निघाले होते.

मारिक्रुस आठवडाभराने पुन्हा भेटली. या वेळी तक्रार नव्हती.

"आजी गेल्यापासून फार रडते हो पोर. सारख्या हाका मारते. तुम्ही जवळ का जात नाही तिच्या?"

कशी जाणार? मला ऐकूच येत नव्हतं. मी रोज दुपारी आईच्या खोलीच्या दाराशी कान देऊन उभी राहायचे. पलीकडे कोणी हाका मारतंय, खालच्या मजल्यापर्यंत जाताहेत त्या, आणि माझ्यापर्यंत नाही... याहून वाईट काय असतं, मला माहीत नाही.

दोनदा तिला हाक मारायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तोंड उघडून पुन्हा मिटलं.

मग परवाचा मंगळवार. मी दुकानातून साडेतीनला घरी आले. मारिक्रुस भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभी. चेहरा हसरा.

"आज नाही रडली! तुमच्या दारात उभी होती, मघाशीच. किती गोड आहे हो. मी नाव विचारलं, तर म्हणाली कासिल्दा. म्हणजे तुमचंच नाव दिलंय तिला!"

"नाही," मी म्हटलं. "तिचं मला दिलंय."

तिला काही ते कळलं नाही.

"मी विचारलं, बाळ, घरात कोण असतं गं तुझ्याजवळ? तर म्हणते कशी, कोणी नाही. म्हटलं, अगं, त्या बाई नाहीत का, चष्म्याच्या दुकानातल्या? तर मान हलवली. म्हणाली, इथे मी एकटीच राहते." मारिक्रुसने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मुलं काहीही बोलतात, नाही का?"

मी वर गेले.

दार बंद होतं. दारावर पितळी पाटी आहे, तिच्यावर कासिल्दा मोरेनो. दोघींपैकी कोणती कासिल्दा, ते पाटी सांगत नाही.

किल्ली माझ्या हातात होती. दोन मिनिटं गेली असतील, पाच गेली असतील.

मग मी किल्ली पर्समध्ये ठेवली, बेल वाजवली, आणि कोणी दार उघडेल म्हणून उभी राहिले.