हेलपाट्याची रिकामी फेरी

आबांचा चष्मा सुरतेहून घाटाच्या पायथ्यापर्यंत आला, त्याला खर्च आला एका लिमलेटच्या गोळीइतका. तिथून पठारावरच्या केळमाळवाडीत यायला मात्र दोन वडापावांइतका.

"आबा, लांबचा प्रवास स्वस्त आणि जवळचा महाग? कंपनीला भूगोल येत नाही का?" शाल्मलीने विचारलं.

"भूगोल येतो. भागाकारही येतो, तीच पंचाईत आहे."

आबा म्हणजे शाल्मलीचे आजोबा. त्यांनी जन्मभर वाहतूकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अशा वाडीत येऊन राहिले, जिथे वाहतूकच नव्हती.

"सुरतेच्या ट्रकमध्ये हजारो पार्सलं असतात," ते म्हणाले. "ट्रकचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. पायथ्याच्या डेपोत पार्सलं गावोगाव विभागली जातात आणि आपल्या वाट्याला येतात चार. सगळ्या घाटाचा खर्च त्या चौघांच्या डोक्यावर. हा शेवटचा टप्पा (डेपोपासून दारापर्यंतचा प्रवास). जगातल्या सगळ्या पार्सल कंपन्या इथेच रडतात."

तेवढ्यात दारात घंटी वाजली. पिंपाएवढा, सहा चाकांचा, एका बाजूला कललेला पार्सल-रोबो उभा होता. कंपनीने त्याला लांबलचक क्रमांक दिला होता. वाडीतली मुलं त्याला हेलपाट्या म्हणत.

"पार्सल आलंय. काही परत न्यायचंय का?" हे तो प्रत्येक दारात विचारी आणि प्रत्येक दारातून "नाही रे बाबा" ऐकून उतरणीला लागे. पण आज तो थांबला. "आनंदाची बातमी! पुढच्या महिन्यापासून ही सेवा बंद होत आहे." कंपनीचे सगळे निरोप आनंदानेच सुरू होत.

शाल्मलीचा चेहरा पडला. हेलपाट्या येई म्हणून वाडीत कुणीतरी येई. तो शेजारच्या कोयनाकाकूंच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करी, मुलांची कोडी चुकीची सोडवी आणि हरल्यावर दिवा मिचकावी.

संध्याकाळी आईने तिच्या हातात शेजारचा डबा दिला. "काकूंचा आहे, देऊन ये. आणि थांब, मूठभर शेंगदाणे घालते. रिकामा डबा कुणी परत देतं का?"

शाल्मली डबा घेऊन निघाली, ती काकूंकडे न जाता आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आबा! हेलपाट्या खाली जाताना रिकामा असतो!"

आबांनी नवा चष्मा काढला. "याला भारांक म्हणतात (गाडीतली किती जागा खरोखर भरली आहे, त्याचं प्रमाण). येताना चार पार्सलं, जाताना शून्य. वीज मात्र दोन्ही वेळा जळते. मी हे वर्गात शिकवायचो, शाले. दारात बघितलं नाही."

मग वाडीने दोन गोष्टी ठरवल्या. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा न मागवता सगळ्यांनी मिळून एकाच वारी मागवायचं, म्हणजे चढताना हेलपाट्या भरलेला. आणि नाचणीचे पापड, मध, फणसपोळी पायथ्याच्या बाजारात त्याच्याबरोबरच धाडायची, म्हणजे उतरतानाही भरलेला. त्याच घाटाचा खर्च आता चाळीस नगांत वाटला जाऊ लागला. दोन वडापाव अर्ध्या वड्यावर आले.

कंपनीच्या मिरजकर मॅडम शाल्मलीशी बोलायला फोनच्या पडद्यावर आल्या. "कमाल केलीस! तुमची सेवा चालू राहणार."

शाल्मलीला राहवलं नाही. "आमचा हेलपाट्या आहेच हुशार! प्रत्येक दारात थांबून गप्पा मारतो."

"गप्पा?" मॅडम म्हणाल्या. "किती वेळ?"

शाल्मलीने अभिमानाने सांगितलं. आबांनी डोळे मिटून घेतले.

सेवा चालू राहिली. मात्र हेलपाट्याऐवजी एक मोठी, मुकी, देखणी गाडी येणार असं ठरलं. ती चावडीपाशी एकदाच थांबणार, कारण दारोदार थांबण्यात वेळ जातो आणि वेळ म्हणजेही खर्च. हिशेब अगदी बरोबर होता. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

"मी बोललेच नसते तर?" शाल्मली म्हणाली.

"उत्तर बरोबरच होतं तुझं," आबा म्हणाले. "समीकरणात कोयनाकाकूंचा गुडघा धरायचा राहिला. आम्ही कुणीच तो कधी धरला नाही."

"मग धरायचा कसा?"

"माहीत नाही. ते तुला शोधावं लागेल."

शेवटच्या फेरीला हेलपाट्या दारात आला. केळमाळवाडीचा खर्च वाचला, म्हणून कंपनीने कड्यापलीकडच्या धनगरवस्तीला सेवा सुरू केली होती. तिथे घरं विखुरलेली, चावडी नाही, दारोदार जावंच लागणार. त्याची बदली तिकडे झाली होती.

"काही परत न्यायचंय का?"

शाल्मलीने आपला शाळेचा डबा शेंगदाण्यांनी भरून त्याच्या कप्प्यात ठेवला. "तुलाच. रिकामा जाऊ नकोस."

"मी शेंगदाणे खात नाही," हेलपाट्या म्हणाला. त्याने दिवा मिचकावला आणि तो कलत कलत उतरणीला लागला. कोयनाकाकू दार लोटायचं विसरून उभ्याच होत्या.

पावसाळा सरला. एका बुधवारी चावडीपाशी मुक्या गाडीचं झाकण उघडलं. पार्सलांत शाल्मलीचा डबा होता. उचलला तर जड. आत धनगरवस्तीच्या पोरांनी भरलेलं, फडक्यात बांधलेलं लोणी होतं.

गाडीने काहीच विचारलं नाही. शाल्मली तरी तिला म्हणाली, "हो, न्यायचंय. थांब जरा," आणि घराकडे पळाली.