बारावं कार्ड

नोंदखोलीतल्या काकूंची संगणकावरची स्क्रिप्ट अवघ्या पाच ओळींची होती. फाटकावरच्या ये-जा नोंदींची फाईल उघडायची, कार्ड क्रमांकाप्रमाणे ओळी लावायच्या, एकेका कार्डाचा गट करायचा आणि ज्या गटात ‘आत’ आहे पण ‘बाहेर’ नाही, तेवढी कार्डं दाखवायची. कारखान्यात मागे कोण राहिलं, ते रोज त्यावरून कळे.

आजची फाईल मात्र नऊ वर्षांपूर्वीची होती, रंगखातं जळालं त्या दिवसाची. स्मारकाच्या दगडावर कोरायची नावं दुपारी पाठवायची होती. साहेबांच्या यादीत अकरा नावं होती. काकूंच्या धाकट्या बहिणीचं त्यांत नव्हतं.

“ती त्या दिवशी आलीच नव्हती,” साहेब म्हणाले. “फाईलमध्ये तिची ओळ नाही.”

“ओळ कुणी काढली, तेही सांगा. फाटकातून जाताना तिची ओली वेणी माझ्या पुढ्यात होती.”

“नऊ वर्षं तेच दळण, काकू.”

“पीठ कुठे पडलंय अजून?”

काकूंनी स्क्रिप्ट चालवली. बारा कार्डं आली. बारावं धाकटीचं, ४१७. मग फाईलमध्ये ४१७ शोधलं. एकही ओळ सापडली नाही.

साहेब हसले. “ओळी क्रमाने लावायला विसरलात. मग गट चुकतात.”

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “क्रम चुकला तर असलेलं कार्ड दोनदा येईल. नसलेलं कुठून येईल? मला शिकवू नका.”

साहेबांनी कीबोर्ड ओढला आणि फाईलमधल्या सगळ्या ओळी पुसल्या. “प्रत आहे माझ्याकडे. चालवा आता.”

फाईल रिकामी. काकूंनी बटण दाबलं.

४१७. आत.

खोलीत कढत रंगाचा वास आला. खिडक्या बंद होत्या.

साहेबांनी स्वतः बटण दाबलं.

४१७. आत.

“पुरे,” ते पुटपुटले. यादी पुढे ओढून त्यांनी अकराव्या नावाखाली पेन टेकवलं.

काकूंनी वाकून पाहिलं. पटावरचं नाव नव्हतं ते. ‘मुंगळी’ लिहिलं होतं. लहानपणी दोघींनी पांघरुणात ठेवलेलं धाकटीचं नाव, आईलाही कधी न सांगितलेलं.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

साहेब आपल्या हाताकडे बघत होते. हात अजून लिहीत होता.